आतड्याला चिकटलेलं आतडं

पोटात आतडं एकच असतं, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. पण क्वचित एखाद्या बाळाच्या पोटात किंवा छातीत आतड्याचा एक जादा तुकडा तयार झालेला असतो. त्याला स्वतःची स्नायूंची भिंत असते, आत ओलसर अस्तर असतं आणि त्या अस्तरातून खऱ्या आतड्यासारखाच स्राव पाझरत असतो. बहुतेक वेळा त्या स्रावाला बाहेर पडायला वाट नसते. तो साठत जातो, तुकडा फुगतो आणि शेजारच्या आतड्याला चिकटलेली पाण्याची गाठ तयार होते. डॉक्टर तिला ड्युप्लिकेशन सिस्ट म्हणतात. साडेचार हजारांत एक, असा तिचा आकडा पाठ्यपुस्तकांत छापलेला सापडतो. तो गर्भांच्या आणि नवजात बालकांच्या शवविच्छेदनांवरून आला आहे. सुमारे नऊ हजार विच्छेदनांत अशी दोन मुलं आढळली होती. दोन मुलांवर उभा राहिलेला आकडा अंदाज म्हणूनच घ्यायचा. तरीही महाराष्ट्रात वर्षाला पंधरा लाखांहून जास्त बाळं जन्मतात, हे लक्षात घेतलं तर त्या हिशेबाने दरवर्षी तीनशेहून जास्त घरांशी या गाठीचा संबंध येतो. त्यांतल्या बहुतेक घरांनी तिचं नावही आधी ऐकलेलं नसतं.

प्रस्तुत पुस्तक या गाठीविषयी आणि तिच्या गोतावळ्याविषयी आहे. गोतावळा मोठा आहे. अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत कुठेही होणाऱ्या ड्युप्लिकेशन सिस्ट हा त्यातला मुख्य गट. यकृताकडून आतड्याकडे पित्त आणणारी नळी जन्मतःच फुगलेली असते, ती कोलेडोकल सिस्ट. आतडी ज्या पातळ पडद्याने पाठीच्या बाजूला लटकलेली असतात, त्या मेसेंटरीत लसिका साठून होणाऱ्या गाठी हा तिसरा प्रकार. गर्भावस्थेत नाळेतून आतड्याकडे जाणारी एक नळी वेळेवर नाहीशी झाली नाही, तर मेकेल्स डायव्हर्टिक्युलम नावाची पिशवी किंवा बेंबीमागची सिस्ट मागे राहते. आणखी एक दुर्मीळ प्रकार गुदाशयाच्या मागे, माकडहाडाच्या पुढे दडून बसतो. मानवी गर्भाला काही आठवडे शेपूट असते आणि त्या शेपटीत आतड्याचा छोटा फाटाही असतो. शेपटीबरोबर तो जिरला नाही, तर टेलगट सिस्ट होते. ती बरेचदा मूल मोठं होऊन मध्यमवयीन झाल्यावरच सापडते, आणि तीही दुसऱ्याच कशासाठी तरी केलेल्या तपासणीत.

या सगळ्यांना एका पुस्तकात आणणं सोयीचं असलं, तरी त्यांचं मूळ एक नाही. नवख्या वाचकाने ही गोष्ट सुरुवातीलाच ध्यानात ठेवलेली बरी.

ड्युप्लिकेशन सिस्ट ओळखायच्या तीन खुणा आहेत. ती पचनमार्गाच्या एखाद्या भागाला घट्ट चिकटलेली असते, तिच्या भिंतीत गुळगुळीत स्नायूंचा थर असतो आणि आतलं अस्तर पचनमार्गातल्या कुठल्या ना कुठल्या भागाचं असतं. 'कुठल्या ना कुठल्या' हे शब्द इथे महत्त्वाचे. लहान आतड्याला चिकटलेल्या गाठीत लहान आतड्याचंच अस्तर सापडेल, असं नाही. पाचातल्या एका गाठीत, काही मालिकांत त्याहूनही जास्त, जठराचं अस्तर सापडतं. जठराचं अस्तर जिथे जाईल तिथे आम्ल तयार करतं. लहान आतड्याला त्या आम्लाची सवय नसते. दीड वर्षाचं हसतंखेळतं मूल, पोटात दुखत नाही, ताप नाही आणि अचानक लंगोट गडद लाल होतो. हे चित्र बालरोगतज्ज्ञाला मेकेल्सची आठवण करून देतं, आणि पोटात प्रत्यक्षात आम्ल गाळणारी ड्युप्लिकेशन निघू शकते. अशा वेळी टेक्नेशियमचा स्कॅन करतात. शिरेतून दिलेलं हे किरणोत्सर्गी द्रव्य जठराच्या अस्तरात साठतं. नेहमीच्या जठराचा ठिपका पडद्यावर दिसतोच, पण बेंबीच्या उजवीकडे खाली दुसरा ठिपका उजळला, की रक्त कुठून येतं आहे याचा पत्ता लागतो.

साधारण पाचांपैकी चार ड्युप्लिकेशन गोल किंवा लांबट बंद पिशव्या असतात. उरलेल्या नळीसारख्या, आतड्याला समांतर धावणाऱ्या आणि एका टोकाला त्यात उघडणाऱ्या असतात. सर्वांत जास्त गाठी लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे इलियममध्ये सापडतात; जठर आणि ड्युओडेनम, म्हणजे लहान आतड्याची सुरुवात, इथे त्या कमी. जागेप्रमाणे त्रास बदलतो. छातीतली गाठ श्वासनलिका दाबते, तेव्हा मूल न्यूमोनियाचं म्हणून वारंवार दवाखान्यात येतं. आतड्यावरची गाठ मार्ग अडवते, हिरव्या उलट्या होतात. कधी गाठीच्या वजनाने आतड्याला पीळ पडतो, कधी गाठ पुढे सरकून आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरतो. निम्म्याहून जास्त मुलांचं निदान वयाच्या दुसऱ्या वर्षाच्या आत होतं.

सर्जनची खरी अडचण मात्र वेगळी आहे. गाठ आणि आतडं यांच्यामध्ये दोन बिऱ्हाडांसारखी सामाईक भिंत असते. एकाची पाडायला गेलं की दुसऱ्याची ढासळते. शिवाय बहुतेक ड्युप्लिकेशन मेसेंटरीच्या बाजूला असतात, म्हणजे आतड्याला रक्त आणणाऱ्या धमन्या जिथून येतात नेमक्या तिथे, आणि त्याच धमन्या गाठीलाही पोसतात. म्हणून गाठ सोलून काढता येत नाही. तिच्याबरोबर आतड्याचा तेवढा तुकडा कापून दोन्ही टोकं जोडावी लागतात. चार-पाच सेंटिमीटरच्या गाठीसाठी हे चालतं. हातभर लांब नळीसारखी ड्युप्लिकेशन असेल, तर तेवढं आतडं काढल्यावर मुलाला अन्न पचवायला आतडंच पुरणार नाही. 1962 मध्ये अमेरिकी सर्जन रेन यांनी यावर तोड काढली. जादा नळीच्या भिंतीला ठिकठिकाणी छेद द्यायचे, आतलं अस्तर तेवढं सोलून काढायचं आणि स्नायूंची भिंत जागेवर राहू द्यायची. आम्ल अस्तर गाळतं, रक्तही तिथूनच जातं. ते गेलं की मागे राहिलेले स्नायू कुणाचं काही बिघडवत नाहीत. ड्युओडेनममधल्या गाठींनाही हेच तत्त्व लागू पडतं, कारण तिथे पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी शेजारीच असते आणि सरसकट कापाकापी परवडत नाही. बालशल्यक्रियेतला हा संयम पुस्तकाच्या लेखकांनी फार चांगला समजावून दिला आहे.

या ज्ञानाचा इतिहास मजेशीर आहे, कारण बराच काळ तो केवळ नवल नोंदवण्याचा इतिहास होता. फ्लॉरेन्सचे वैद्य अँतोनिओ बेनिव्हिएनी यांनी एका आठ वर्षांच्या मुलाच्या विच्छेदनात मेसेंटरीतली गाठ पाहिली. त्यांच्या टिपणांचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, 1507 मध्ये छापलं गेलं. 1723 मध्ये जर्मनीतल्या आब्राहाम फाटर यांनी फुगलेल्या पित्तनलिकेचं वर्णन केलं. पित्त आणि स्वादुपिंडाचा रस आतड्यात उतरतो त्या उंचवट्याला आजही त्यांचंच नाव आहे. त्यानंतर दहा वर्षांनी, 1733 मध्ये, एडिनबरोच्या वैद्यकीय निबंधसंग्रहात जेम्स काल्डर यांनी आतड्यांची विलक्षण रचना घेऊन जन्मलेल्या दोन मुलांची हकिकत लिहिली. ड्युप्लिकेशनची पहिली नोंद म्हणून तिचा उल्लेख होतो. एडिनबरोतच 1852 मध्ये डग्लस यांनी सतरा वर्षांच्या एका मुलीचं दुखणं तपशिलात मांडलं: पोटदुखी, कावीळ, ताप आणि बरगड्यांखाली मोठी गाठ. कोलेडोकल सिस्टचा हा पहिला नीट नोंदलेला रुग्ण. गाठीतलं पाणी काढण्यापलीकडे काही करता येण्याचे ते दिवस नव्हते आणि मुलगी वाचली नाही. मेसेंटरीतली गाठ शस्त्रक्रियेने यशस्वीपणे काढण्याचा मान पॅरिसच्या तिलो यांना मिळाला, 1880 मध्ये.

मग पाळी आली अमेरिकेतल्या बॉस्टन शहराची. रेजिनल्ड फिट्झ यांचं नाव अपेंडिक्सशी जोडलेलं आहे, कारण 1886 च्या त्यांच्या निबंधानंतर अपेंडिसायटिस हा शस्त्रक्रियेचा आजार झाला. त्याच्या दोनच वर्षं आधी त्यांनी आतड्याच्या 'ड्युप्लिकेशन'वर लिहिलं होतं आणि त्याचं खापर नाळेतल्या जुन्या नळीच्या अवशेषांवर फोडलं होतं. तो तर्क टिकला नाही, पण त्यांनी वापरलेला शब्द टिकला. तरीसुद्धा पुढची पन्नास वर्षं या गाठींना ज्याला जे सुचेल ते नाव देण्याचा प्रघात चालू राहिला. कुणी आंत्रजन्य सिस्ट म्हणे, कुणी राक्षसी डायव्हर्टिक्युलम, कुणी विचित्र मेकेल्स. एकाचा रुग्ण दुसऱ्याच्या रुग्णाशी ताडून पाहायचा, तर दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत की नाही, हेच कळायला मार्ग नव्हता.

हा गोंधळ विल्यम लॅड यांनी निस्तरला. 6 डिसेंबर 1917 रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात दारूगोळ्याने भरलेलं जहाज फुटलं आणि शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. बॉस्टनहून मदतीला धावलेल्या डॉक्टरांत लॅड होते. त्या जखमी मुलांना पाहूनच त्यांनी मुलांच्या शस्त्रक्रियेला वाहून घेतलं, अशी कथा बालशल्यचिकित्सकांच्या पिढ्या एकमेकांना सांगत आल्या आहेत. कथा थोडी जास्तच गोळीबंद आहे, पण पुढे लॅड यांनी बॉस्टनच्या बालरुग्णालयात केलेलं काम वादातीत आहे. 1937 मध्ये त्यांनी सुचवलं, की अस्तर कसलं आहे आणि उगम कशात आहे यावर वाद घालत बसण्यापेक्षा या सगळ्यांना 'पचनमार्गाची ड्युप्लिकेशन' म्हणा आणि ती ज्या अवयवाला चिकटलेली आहे त्याचं नाव जोडा. जठराची ड्युप्लिकेशन, इलियमची ड्युप्लिकेशन. वर सांगितलेल्या तीन खुणाही त्यांच्याच परंपरेतल्या. त्यांचे शिष्य रॉबर्ट ग्रॉस यांनी 1952 मध्ये होल्कम आणि सिडनी फार्बर यांच्यासह साठ-सत्तर रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. रक्ताच्या कॅन्सरवरच्या केमोथेरपीचे जनक म्हणून ज्यांना जग ओळखतं, तेच हे फार्बर. ते मूळचे बालविकृतिशास्त्रज्ञ.

लॅड यांनी उगमाचा प्रश्न व्यवहारापुरता बाजूला ठेवला, सोडवला नाही. तो आजही सुटलेला नाही, आणि या क्षेत्रातले खरे पंथ त्यावरूनच पडले आहेत.

सर्वांत प्रबळ पंथ तिसऱ्या आठवड्याकडे बोट दाखवतो. त्या वेळी गर्भ म्हणजे पेशींच्या थरांची चकती असते. भावी आतड्याच्या थरापासून नोटोकॉर्ड नावाची दोरी सुटी होते आणि तिच्याभोवती पुढे मणके रचले जातात. ही फारकत पूर्ण झाली नाही, मध्ये एखादा धागा राहून गेला, की वाढत्या मणक्यांबरोबर आतड्याचा एक चिमटा मागे ओढला जातो आणि त्याची गाठ बनते. दोरी मात्र त्या जागी दुभंगते आणि मणका अर्धवट राहतो. मॅक्लेची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 मध्ये, बेंटली आणि स्मिथ यांनी 1960 मध्ये ही मांडणी केली. छातीतल्या ड्युप्लिकेशनबरोबर मानेचे किंवा छातीचे मणके बिघडलेले का सापडतात, याचं उत्तर तिच्यात मिळतं. म्हणूनच छातीत अशी गाठ दिसली की जाणता डॉक्टर पाठीच्या कण्याचाही एमआरआय मागतो. पण ज्या असंख्य मुलांचे मणके ठणठणीत आहेत, त्यांच्या गाठींचं काय, याला या पंथाकडे समाधानकारक उत्तर नाही.

त्याआधी, 1944 मध्ये ब्रेमर यांनी वेगळं सांगितलं होतं. गर्भाच्या आतड्याची पोकळी काही काळ पेशींनी बुजते, मग त्या पेशींमध्ये बुडबुडे होऊन ते एकमेकांत मिसळतात आणि पोकळी पुन्हा मोकळी होते. बुडबुड्यांची एखादी रांग वेगळीच राहिली, तर शेजारी दुसरी पोकळी तयार होणार. ऐकायला सुबक, पण आतडं असं बुजतं ते मुख्यतः ड्युओडेनममध्ये, आणि गाठी सर्वांत जास्त होतात इलियमजवळ. शिवाय तिथे जठराचं अस्तर कुठून आलं, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

तिसरा पंथ रक्तपुरवठ्याचा, आणि त्यात दोन अशी माणसं भेटतात ज्यांची नावं वेगळ्याच कारणांनी गाजली. केप टाउनमध्ये लाऊ आणि त्यांचे तरुण सहकारी ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी कुत्रीच्या गर्भातल्या पिल्लांच्या आतड्यांचा रक्तपुरवठा बांधून पाहिला. पिल्लं जन्मली तेव्हा त्यांची आतडी त्या जागी बंद झालेली होती. 1955 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मानवी हृदयाचं पहिलं प्रत्यारोपण करून हेच बर्नार्ड 1967 मध्ये जगभर पोचले. त्यांचा धागा पकडून फिलाडेल्फियात मेलिश आणि एव्हरेट कूप यांनी 1961 मध्ये मांडलं, की काही ड्युप्लिकेशनही गर्भातल्या अशाच रक्ताच्या अपघाताने होत असाव्यात. कूप पुढे अमेरिकेचे सर्जन जनरल झाले आणि धूम्रपानाविरुद्धच्या मोहिमेमुळे लोकांना ठाऊक झाले. गुदाशय, मूत्राशय, जननेंद्रियं अशी सगळीच दुहेरी असलेली थोडी मुलं असतात. त्यांच्यासाठी अर्धवट राहिलेल्या जुळेपणाची चौथी उपपत्ती आहे. आजचा समंजस मतप्रवाह असा, की सगळ्या गाठींना एकच कारण शोधणं हाच मुळात चुकीचा हट्ट असावा.

पित्तनलिकेच्या गाठींचा अभ्यास मात्र निराळ्या वाटेने गेला आणि त्या वाटेवर जपानी सर्जनांचा ठसा फार मोठा आहे. कारण उघड आहे: पाश्चात्य देशांत लाख-दीड लाखांत एक सांगितला जाणारा हा विकार पूर्व आशियात कितीतरी जास्त दिसतो; जपानसाठी हजारात एक असाही आकडा दिला जातो. मुलींमध्ये तो मुलांच्या तिप्पट-चौपट. 1959 मध्ये स्पेनच्या आलोन्सो-लेह यांनी या गाठींचे तीन प्रकार पाडले. 1977 मध्ये ताकुजी तोदानी यांनी ते पाचावर नेले, आणि आज जगातल्या कुठल्याही रिपोर्टवर तोदानीचा आकडा लिहिलेला असतो. पाचही प्रकार एकाच आजाराची रूपं आहेत का, की केवळ फुगलेल्या नळ्या म्हणून त्यांना एका माळेत ओवलं गेलं, अशी शंका आता उघडपणे घेतली जाते, आणि ती रास्त आहे.

कारणाच्या शोधात 1969 हे वर्ष महत्त्वाचं. अमेरिकी क्ष-किरणतज्ज्ञ बॅबिट यांनी दाखवलं, की या रुग्णांत पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्याच्या भिंतीबाहेरच एकमेकींना मिळतात. एरवी हा संगम भिंतीच्या आत, झडपेच्या ताब्यात असतो. बाहेर मिळाल्यावर स्वादुपिंडाचा पाचक रस पित्तनलिकेत वर चढतो आणि तिची भिंत वर्षानुवर्षं कुरतडतो. शस्त्रक्रियेच्या वेळी गाठीतलं पित्त तपासलं तर त्यात स्वादुपिंडाच्या रसातलं अमायलेझ भरपूर सापडतं, हा त्याचा पुरावा. पण गर्भाच्या स्वादुपिंडाला पाचक रस धडपणे तयार करता येत नसतो त्या काळात, पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीतही या गाठी दिसतात. तेव्हा इथेही गणित पूर्ण सुटलेलं नाही.

उपचारात मात्र वाद मिटला. जुने सर्जन गाठ तशीच ठेवून तिला आतड्याशी जोडत आणि पित्ताला वाट करून देत. रुग्ण घरी जाई, आणि काही वर्षांनी ताप, खडे किंवा कॅन्सर घेऊन परत येई. जुन्या मालिकांमध्ये कॅन्सरचं प्रमाण वयाच्या पहिल्या दहा वर्षांत एक टक्क्याच्याही खाली आणि विशीनंतर दहा टक्क्यांच्या वर नोंदलेलं आहे. आता गाठ पूर्ण काढतात आणि यकृताकडून येणारी नळी लहान आतड्याच्या वर आणलेल्या फाट्याला जोडतात. इटलीत 1995 मध्ये ही शस्त्रक्रिया प्रथमच दुर्बिणीने झाली. आज मोठ्या शहरांत ती बऱ्यापैकी रुळली आहे.

हा सगळा पट आताच मराठीत का मांडायचा? कारण सोनोग्राफीने या आजारांचं वयच बदलून टाकलं आहे. पूर्वी ही गाठ सर्जनला रात्री दोन वाजता, आतड्याला पीळ पडलेल्या अवस्थेत भेटायची. आता ती गर्भारपणाच्या अठराव्या-विसाव्या आठवड्यातल्या तपासणीत, आईवडिलांच्या डोळ्यांदेखत पडद्यावर येते. ड्युप्लिकेशन असेल तर भिंतीच्या दोन रेषा वेगळ्या दिसतात: आत अस्तराची उजळ, बाहेर स्नायूंची काळी. ही खूण फसवूही शकते. पण थोडा वेळ प्रोब स्थिर धरला आणि ती भिंत आतड्यासारखी आकुंचन पावताना दिसली, की शंकेला फारशी जागा उरत नाही.

इथे भारतातल्या सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरपुढे एक पेच उभा राहतो. गर्भाच्या पोटात पाण्याची गाठ दिसली, तर मुलीच्या बाबतीत ती बरेचदा अंडाशयाची असते. आईच्या संप्रेरकांमुळे ती फुगते आणि जन्मानंतर अनेकदा आपोआप विरते. मुलाच्या बाबतीत ही शक्यताच नाही. म्हणजे निदानासाठी लिंग माहीत असणं उपयोगी, आणि रिपोर्टमध्ये 'अंडाशय' हा शब्द लिहिला की लिंग सांगून झालं! गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा 1994 मध्ये आला, आणि तो का करावा लागला हे इथल्या कुणाला सांगायला नको. कायदा पाळून रिपोर्ट 'पोटात पाण्याची गाठ' एवढंच सांगतो. आईवडील तो शब्द घेऊन घरी जातात, रात्रभर मोबाईलवर शोधतात आणि सकाळी कॅन्सरपासून गर्भपातापर्यंत सगळं मनात घेऊन परत येतात. खरं तर एकटीच गाठ असेल आणि बाळाचं बाकी सगळं ठीक असेल, तर बहुतेक वेळा ही मुलं शस्त्रक्रियेनंतर उत्तम वाढतात. ही गोष्ट त्या पहिल्या दिवशी, आपल्या भाषेत, शांतपणे सांगणारं कुणी हवं असतं.

दुसरा प्रश्न तक्रार नसलेल्या बाळाचा. गाठ दिसते आहे, बाळ दूध पितं आहे, वजन वाढतं आहे. कापायचं का? एक मत म्हणतं, पीळ पडण्याची वाट पाहू नका, काही महिन्यांचं झालं की काढून टाका. दुसरं म्हणतं, लहान गाठ असेल तर लक्ष ठेवून थांबा. लांबलचक किंवा वारंवार दिलेल्या भुलीचा तीन वर्षांखालील मुलांच्या मेंदूवर परिणाम होऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2016 मध्ये दिला, तेव्हापासून थांबणाऱ्यांच्या बाजूला थोडं वजन आलं. पुस्तकाच्या लेखकांचा कल लवकर काढण्याकडे आहे. आपल्याकडे पीळ पडल्यावर तालुक्याच्या गावाहून बालशल्यचिकित्सकापर्यंत पोचायला लागणारे तास मोजले, तर तो कल पटण्यासारखा आहे.

महाराष्ट्रात मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालयाची परंपरा जुनी आहे. परळचं बाई जेरबाई वाडिया रुग्णालय 1929 पासून उभं आहे. भारतीय बालशल्यचिकित्सकांची संघटना 1965 मध्ये स्थापन झाली. शीव रुग्णालयाच्या अधिष्ठाता आणि पुढे मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या डॉ. स्नेहलता देशमुख मूळच्या बालशल्यचिकित्सकच. म्हणजे जाणकारांची वाण नव्हती. कमी पडलं ते त्यांचं ज्ञान गावातल्या दवाखान्यापर्यंत पोचवणं. 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतून मुलांची तपासणी होते, हे मोठंच काम आहे. पण त्याच्या जन्मजात दोषांच्या नऊ नावांच्या यादीत दुभंगलेला ओठ आहे, वाकडे पाय आहेत, मोतीबिंदू आहे. पोटातला दोष एकही नाही.

परिणाम काय होतो, याची दोन उदाहरणं पुस्तकात सविस्तर येतात आणि ती आपल्या भागातली असल्याने विशेष बोलकी आहेत. पहिलं काविळीच्या माळेचं. मुलीचे डोळे पिवळे होतात, आजी गावातल्या जाणत्याकडे नेते, गळ्यात माळ पडते. माळ हळूहळू लांबते, खाली उतरते आणि आठवडाभरात कावीळही उतरते. कोलेडोकल सिस्टची कावीळ मुळात येणारी-जाणारीच असते. नळीत अडकलेला गाळ किंवा खडा सरकला की ती कमी होते. श्रेय माळेला मिळतं. सहा महिन्यांनी पुन्हा डोळे पिवळे, पुन्हा माळ. पोटदुखी, कावीळ आणि हाताला लागणारी गाठ ही पुस्तकी तिकडी एकाच वेळी थोड्याच मुलांत दिसते, त्यामुळे डॉक्टरही पहिल्या खेपेला फसतात. दुसरं उदाहरण पोट मोठं झालेल्या मुलाचं. मेसेंटरीतली किंवा आतड्यांवरच्या चरबीच्या पडद्यातली मोठी, लिबलिबीत गाठ सगळं पोट व्यापते आणि हाताला जलोदरासारखी लागते. आपल्याकडे पोटात पाणी म्हटलं की क्षयाची शंका आधी, आणि काही मुलांना टीबीची औषधं सुरूही होतात. यात कुणाला दोष द्यायचा नाही. टीबी आपल्याकडे खरोखरच जास्त आहे. पण औषधांनी घेर कमी होत नसेल, तर दुसऱ्यांदा सोनोग्राफी करायला काही हरकत नसावी.

या पुस्तकाचा वाचक म्हणून लेखकांनी फॅमिली डॉक्टर, परिचारिका, वैद्यकाचे विद्यार्थी आणि अशा मुलांचे आईवडील डोळ्यांसमोर ठेवले आहेत. चौघांना एकाच वेळी सांभाळणं सोपं नाही, आणि सगळीकडे ते साधलं आहे असंही नाही. गर्भविकासाचा भाग पालकांना जड जाईल. त्यांनी तो खुशाल ओलांडून पुढे जावं. पित्तनलिकेला दिलेली पानं काहींना जास्त वाटतील. पण कॅन्सरचा धोका आणि आयुष्यभराचा पाठपुरावा जिथे आहे तिथे जास्त लिहिलं गेलं, ही तक्रार करण्याजोगी गोष्ट नाही. आकृत्या साध्या रेषांच्या आहेत, आणि शस्त्रक्रियेचे रंगीत फोटो जाणूनबुजून टाळले आहेत, हे फार बरं झालं. उपचार कुठे घ्यावेत, किती खर्च येतो, याची यादी पुस्तकात नाही. ती दोन वर्षांत शिळी झाली असती.

वाचकांतल्या आईवडिलांना एक विनंती. गर्भारपणातल्या सोनोग्राफीत कधीही 'सिस्ट' असा उल्लेख आला असेल, तर ते सगळे रिपोर्ट एका फायलीत लावून ठेवा आणि बाळ ठणठणीत वाटलं तरी जन्मानंतर एकदा बालशल्यचिकित्सकाला दाखवा. मुलाचे डोळे पिवळे झाले आणि शी मातकट-पांढरी झाली, तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या. गळ्यात माळ असली, तरी सोनोग्राफी करता येते.